वेलांट्या तुमच्या, शब्द माझे

रूथबाई सरोदेंची आणि माझी ओळख झाली ती एका एल्बोवरून, आणि मोडली ती एका देवळावरून. मधली अकरा वर्षं आम्ही गल्फमध्ये, अल क्वोजमधल्या एकाच कंपनीत होतो. कंपनी प्लंबिंगची आणि एसीची कंत्राटं घ्यायची. मी वर ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदांचा हवालदार. त्या खाली वेअरहाऊसमध्ये स्टोअर इनचार्ज.

मी नवा होतो. साइटवरून आलेल्या मागणीत कुठे 'एल्बो' लिहिलेलं, कुठे 'बेंड'. मला सगळं एकसारखं केल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा जन्मजात रोग. मी सगळीकडे 'बेंड' करून टाकलं आणि कागद पुढे पाठवला. आठवड्याने जिना चढून एक ठेंगणी, सावळी, चष्मा कपाळावर चढवलेली बाई आली आणि तिने माझ्या टेबलावर पाइपाचे दोन तुकडे ठेवले.

"काय ओ आपटे, हा एल्बो आणि हा बेंड. पाणी दोन्हीतनं वळतं, पण सारखं वळत नाही. नाव बदललं की माल बदलतो. खाली दोन खोकी बेंड येऊन पडलेत, ते आता तुमच्या घरी लावू का?"

मी ओशाळून हसलो. पण मराठी माणूस भेटला म्हणून आनंदही झाला, आणि त्या नगरच्या निघाल्या म्हणून बोलायलाही विषय मिळाला. माझ्या आईचं माहेर तिकडचं. 'नाव बदललं की माल बदलतो' हे वाक्य मात्र त्यांनी पुढे अकरा वर्षं मला ऐकवलं. शेवटचं ऐकवलं तेव्हा मला हसू आलं नाही.

राहायला त्या उम्म अल कुवैनला. कंपनीच्या बसने सकाळी दोन तास, संध्याकाळी ट्रॅफिक असेल तर तीन. नवरा बराच आधी गेलेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला, आई नगरजवळच्या खेड्यात. "एवढ्या लांब कशाला राहता?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "बसमध्ये वाचायला मिळतं म्हणून." आणि ते खरंच होतं. त्यांच्या पर्समध्ये कायम खाकी कव्हर घातलेलं एक इंग्रजी पुस्तक असायचं. शाळकरी पोरीसारखी कव्हरं घालायच्या, कारण मूळ चित्र बघून स्टोअरमधली पोरं दात काढतील ही भीती. एकदा मी कव्हर सरकवून पाहिलंच. टोपडं घातलेली एक गोरी बाई, मागे छपराची बैलगाडी, त्याच्या मागे आभाळभर गवत आणि गवतात एक दाढीवाला.

"हे काय वाचता हो रूथबाई?"

"गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या गोष्टी. ख्रिस्ती आहेत. चावट नाहीत, तोंड नीट करा."

मग त्यांनी मला त्या सगळ्या गोष्टींची एकच गोष्ट सांगितली. मुलगी गाडीत बसून पश्चिमेकडे निघते. चाळिसाव्या पानाला नवरा तापाने मरतो. हिवाळा तोंडावर. तिथे एक विधुर, त्याची आईवेगळी लेकरं, एक गाय. पाद्री म्हणतो, लग्न करा, सोय होईल. दोघं एका छपराखाली परक्यासारखी राहतात. मग बर्फाचं वादळ येतं, गाय हरवते, तो शोधायला जातो, ती गुडघ्यावर बसून प्रार्थना करते. गाय सापडते, देव सापडतो, आणि सगळ्यात शेवटी प्रेम.

"चुंबन दोनशे ऐंशीव्या पानाच्या आत नाही, आपटे. संयम आहे."

चर्चच्या आवारात जुन्या पुस्तकांचं एक टेबल लागायचं, तिथून त्या ही पुस्तकं आणायच्या. मी 'चर्च' म्हणतोय. त्या म्हणायच्या देऊळ. पहिल्यांदा "शुक्रवारी मला देवळात जायचंय, ओव्हरटाइम जमायचा नाही" असं म्हणाल्या तेव्हा मी भोळेपणाने म्हटलं, "माझ्याही वाटचा नारळ फोडा." त्या इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून नाकावर पडला.

"अहो, आमच्याकडे नारळ नसतो, प्रभूभोजन असतं."

"मग देऊळ का म्हणता?"

"मग काय म्हणू? देव आहे म्हणून देऊळ. आमच्या वस्तीवर सगळे देऊळच म्हणतात. चर्च हा शब्द मी नोकरीला लागल्यावर ऐकला."

हे मला ठाऊक होतं, हे इथेच लिहून ठेवतो. पुढे मी अज्ञानाचा आव आणला तर कुणी विश्वास ठेवू नये. त्या काळात इथे शुक्रवारची सुट्टी होती, म्हणून त्यांची मुख्य उपासनाही शुक्रवारी. "आमचा प्रभू रविवारी उठला, पण गल्फमध्ये शुक्रवारी उठतो," म्हणायच्या. पुढे सुट्टी शनिवार-रविवारची झाली तेव्हा सगळ्या ऑफिसात त्यांनी पेढे वाटले.

दुपारी जेवायला मी खाली स्टोअरमध्ये जायचो. त्या डबा उघडून डोळे मिटायच्या आणि ओठ हलवायच्या. आमचा मल्याळी मॅनेजर एकदा घाईत आला. "रूथ मॅडम, यल्ला, ट्रक खडा है!" डोळे न उघडता त्यांनी एक बोट वर केलं. ट्रक थांबला, मॅनेजरही थांबला. आमेन झाल्यावर म्हणाल्या, "हां सर, अब बोलो." त्या बोटाला अल क्वोजमध्ये भलतीच किंमत होती.

त्या खाकी पुस्तकांवर त्यांचं प्रेम होतं, पण आंधळं नव्हतं. एके दिवशी डबा तसाच ठेवून म्हणाल्या, "आपटे, ह्या सगळ्या बाया लिहितात, जमीन ओसाड होती. पन्नास पुस्तकं वाचली मी. एकीनेही विचारलं नाही, ओसाड होती तर आधी तिथं राहणारी माणसं कुठं गेली? ओसाड जमीन कशी असते मला विचारा. आमच्या पणजोबाला मिळाली होती. कुणालाच नको होती, म्हणून मिळाली."

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. मोठ्या दुष्काळानंतर त्यांची माणसं ख्रिस्ती झाली. गावकुसाबाहेरची माणसं, त्यात बाटलेली. गावाने पाणीही तोडलं. मिशनने कुठला तरी माळ मिळवला, नुसता खडक आणि कुसळं. चौदा कुटुंबं तिथे गेली. विहीर खणली. स्वतःच्या झोपड्या घालायच्या आधी देऊळ बांधलं. बांधणारा गवंडी लाजरस, म्हणजे रूथबाईंच्या आईचे आजोबा. त्याची बायको सगुणा मिशनच्या अनाथाश्रमातून आलेली, शिकलेली. मडमेने लग्न लावून दिलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नव्हतं. लाजरसला अक्षर येत नव्हतं. भिंतीला ओला चुना लावला की सगुणा त्यावर बोटाने एक अक्षर काढायची. तो ते गिरवायचा, मग पुसून पुढचा हात मारायचा. देवळाच्या मागच्या भिंतीवर एके ठिकाणी तिने त्याचं नाव काढलं, आणि तेवढा कोपरा त्याने पुसलाच नाही.

"बर्फ नाही, गाय नाही," रूथबाई म्हणाल्या, "पण ही काही कमी गोष्ट आहे का?"

"लिहा की मग!"

मी सहज बोललो. पण त्या लिहायला लागल्याच. सप्लायर लोक वर्षअखेर डायऱ्या वाटतात, तारखा एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला अरबी. असल्या वापर न झालेल्या डायऱ्या त्यांच्याकडे ढिगाने होत्या. बसमध्ये वाचणं बंद झालं, लिहिणं सुरू झालं. रोज एक पान. "आज सगुणा कुठवर आली?" विचारलं की म्हणायच्या, "चौदा मार्चवर आहे. नवऱ्याशी अजून बोलली नाही."

मी फुकटचे सल्ले द्यायचो. म्हटलं, निदान विहिरीवर तरी त्याला तिचा हात धरू दे. "कसा धरील? मडम बघतीय," त्या म्हणाल्या. आणि मडम नसलेल्या दिवशी? "त्या दिवशी मी बघतीय."

पण गोष्टीचं काळीज वेगळंच होतं. लाजरसची आई, गोदा. ती मुलाबरोबर माळावर आली पण तिने धर्म घेतला नाही. उपासनेच्या वेळी बाहेर धोंड्यावर बसायची. जन्मभर गावच्या देवळाची पायरीही तिला शिवू दिली नव्हती. कळसाला लांबून हात जोडायचे, तेही सावली पडणार नाही असे. एक दिवस ती उठते, नव्या देवळाच्या उंबऱ्याशी येते, आणि पोराला विचारते, "मला चालंल का रं ह्या देवळात आलेलं?" आणि लाजरस म्हणतो, "आये, हे देऊळ आपलंच हाय."

एवढंच. हे दोन संवाद गोदाने सगुणेला, सगुणेने नातीला, म्हणजे रूथबाईंच्या आईला, आणि आईने रूथबाईंना सांगितलेले. चार बायकांनी एक शब्द न हलवता आणलेले. आई नव्वदीला टेकली होती, डोळे गेले होते. फोनवर रोज एकच प्रश्न, "पुस्तक झालं का गं? मला उंबऱ्याचं वाचून दाखव." डायरीतून वाचून दाखवते म्हटलं तर नाही म्हणायची. छापलेलंच हवं. "आपलं कुणी छापलंय कधी?" असं म्हणायची म्हातारी. सगळी धडपड त्यासाठी होती. रूथबाईंना लेखिका वगैरे व्हायचं नव्हतं. आईचे कान आहेत तोवर ते पान छापून तिच्या खाटेपाशी न्यायचं होतं.

आमचं एक मराठी मंडळ होतं, वर्षाला एखादं पुस्तक पुण्यात छापून घ्यायचं. पुस्तक समितीत मी. शुद्धलेखन म्हणजे माझी जहागीर. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी यावरून मी माणसं तोडली आहेत. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या घरी चार महिने बसून मी तीन डायऱ्या टाइप केल्या. सुरुवातीलाच रूथबाईंनी मला समोर बसवून करार केला.

"वेलांट्या तुमच्या, शब्द माझे. बोला, कबूल?"

"कबूल."

"नाव बदललं की?"

"माल बदलतो. अहो, लहान मूल आहे का मी!"

शेवटची प्रुफं यायची वेळ झाली आणि नगरहून फोन आला, आईचं काही खरं नाही. रूथबाई निघाल्या. मी विमानतळावर सोडायला गेलो. "तुम्ही निर्धास्त जा, मी आहे ना," म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "आपटे, सगळं छान आहे, पण हे ख्रिस्ती लोक देवळात काय जातायत? वाचक गोंधळेल. एडिटिंग राहिलंय का?" मी सांगायला हवं होतं की नाही, तो त्यांचा शब्द आहे. एक फोन करायला हवा होता. पण बाई आईच्या उशाशी, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावलं. आणि खरं सांगायचं तर मलाही तो शब्द पानोपानी टोचतच होता. घरी आलो, कॉम्प्युटर उघडला. 'देऊळ' शोध, 'चर्च' घाल. 'देवळात' शोध, 'चर्चमध्ये' घाल. दहा मिनिटांत सगळं एकसारखं झालं. गोदाच्या गावचं देऊळ तेवढं मी काळजीपूर्वक देऊळच ठेवलं. ते खरं देऊळ ना! अभिमान वाटला मला स्वतःच्या बारकाव्याचा. मी कॉफी करून प्यायलो.

पुण्याहून पन्नास प्रती थेट नगरला गेल्या, बाकीच्या इकडे आल्या. रूथबाईंचा फोन आला नाही. तीन आठवड्यांनी कळलं, आई गेली.

त्या परत आल्या आणि पुढच्याच आठवड्यात प्रकाशन होतं. मी म्हटलं, पुढे ढकलू. "कशाला?" एवढंच म्हणाल्या. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, सगळ्यांच्या हातात पुस्तक, मागे साबुदाणेवड्यांचा वास. अध्यक्षांनी भाषण केलं, "चर्चच्या पार्श्वभूमीवरची आगळीवेगळी प्रेमकथा." रूथबाई उठल्या, चष्मा नाकावर घेतला, पुस्तक उघडलं आणि उंबऱ्याचं पान वाचायला लागल्या. जिथे 'चर्च' छापलं होतं तिथे त्या 'देऊळ' वाचत होत्या. पहिल्या रांगेतल्या एक वहिनी बोट ठेवून वाचत होत्या. त्यांना वाटलं बाई भांबावल्यात, आईचं दुःख आहे. प्रेमाने त्या हळूच म्हणाल्या, "चर्च, चर्च." पुढच्या ओळीला आणखी दोघी म्हणाल्या. "मला चालंल का रं ह्या देवळात..." "चर्च!" लहान मुलाला पाढे सांगावेत तसं सगळा हॉल मायेने त्यांना सुधारत होता. त्यांनी तो परिच्छेद पुरा केला, पुस्तक मिटलं आणि "आभारी आहे" म्हणून खाली बसल्या. मला त्या क्षणी कळलं मी काय केलंय. करायला गेलो गणपती असंही म्हणता येत नाही. गणपती करायला मला सांगितलंच कुणी होतं?

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. काहीतरी बोलायला लागलो, समिती, अध्यक्ष, वाचक. त्यांनी ते एक बोट वर केलं. 

"पुस्तकं पोचली त्या दिवशी आईला शुद्ध होती," त्या म्हणाल्या. "म्हणली, उंबऱ्याचं वाच. मी काही बघितलं नाही, तेच पान उघडलं आणि वाचत सुटले. मला पाठ आहे ते, पण छापलेलं वाचायचं म्हणून अक्षरावर बोट ठेवून वाचलं. तोंडातनं निघाल्यावर मला कळलं काय वाचलं ते. आई म्हणली, पणजी असं नव्हती म्हणली. चर्चात जायला तिला कोण अडवीत होतं? मी लगेच म्हटलं, चुकले आई, देऊळच आहे. ती म्हणली, माझ्यासाठी नको बदलू. छापलंय तसं वाच. मग म्हणली, राहू दे, ही आपली गोष्ट नव्हं, दुसऱ्या कुणाची तरी आहे. आणि तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर चार दिवस होती. पुस्तकाचं नाव काढलं नाही."

मला वाटलं त्या रडतील, निदान शिव्या देतील. तसं काहीच झालं नाही. "नाव बदललं की माल बदलतो, आपटे," म्हणाल्या आणि बसकडे चालू लागल्या.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं. ती इथेच वाढलेली, मराठी समजतं पण बोलते इंग्रजीत. नीट ऐकून म्हणाली, "बाबा, यू डिड फाइंड-अँड-रिप्लेस ऑन समबडीज ग्रँडमदर?" मी तिच्यावर खेकसलो.  मी लहानपणी आजोळी जायचो, तिथलं देऊळ नगरपासून काही फार लांब नाही. आईचे आजोबा तिथले पुजारी. गोदासारखीला पायरी शिवू न देणारे तेच, किंवा तसेच कुणीतरी. तिला तिच्या पोराने स्वतःच्या हाताने देऊळ बांधून दिलं, तर मी पुण्यात छापून तेही काढून घेतलं. आणि ते करताना मी व्याकरण तपासत होतो. 'देऊळ' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजोळचा गाभारा यायचा आणि त्यात रूथबाईंची माणसं बसेनात. शब्द टोचत होता तो एवढ्यासाठी. मला माझी लाज वाटते, आणि ती जात नाही.

पुढे वर्षभर त्या कामावर होत्या. माझ्याशी वाकडं वागल्या नाहीत, कागद आले की सह्या करायच्या. फक्त जेवणाच्या वेळी स्टोअरचं दार लावलेलं असायचं. आणि माझं नाव बदललं. 'काय ओ आपटे' गेलं, 'आपटेसाहेब' आलं.

मग निवृत्त होऊन त्या कायमच्या जायला निघाल्या. मंडळाकडच्या उरलेल्या प्रती त्यांनी वर्षापूर्वीच मागवून घेतल्या होत्या. विमानतळावर सोडायला मी येतो, असं मीच हट्टाने म्हटलं. उम्म अल कुवैनचा तो फ्लॅट मी पहिल्यांदाच पाहिला. एक खोली, खिडकीतून खाडी आणि पाण्यात उभे बगळे. सामान बांधून झालेलं. भिंतीला लागून पुस्तकांची खोकी. एक खोकं उघडंच होतं म्हणून मी वरची प्रत उचलली. पानोपानी 'चर्च'वर निळ्या पेनाची एक सरळ रेघ, वर बारीक अक्षरात 'देऊळ'. दुसरी प्रत उघडली, तसंच. तिसरी, तसंच. सगळी दीडशे पुस्तकं. वर्षभर दार लावून त्या काय करत होत्या ते मला तेव्हा कळलं.

"वस्तीवर वाटणार आहे," त्या म्हणाल्या. "घरटी एक."

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "रूथबाई, एक मला द्याल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली. आत खाकी कव्हर घातलेलं पुस्तक होतं, ते माझ्या हातात दिलं. कव्हर त्यांनीच घातलेलं, कोपरे नीट दुमडलेले, वर माझं नाव. मी उंबऱ्याचं पान काढलं. कुठे रेघ नव्हती. पुण्याहून आलं होतं तसंच कोरं.

"ही तुमची काढून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "हिच्यात सगळ्या वेलांट्या बरोबर आहेत."